फोर्टची रिळं जपणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

मुंबईतल्या फोर्ट भागावरच्या आमच्या माहितीपटाचं संकलन एकदाचं पुरं झालं. श्रेयनामावलीत नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून इथंही लिहीत नाही. पण आभार मानू नका म्हणालात, ते मात्र ऐकणार नाही.

आमची सुरुवात दगडांपासून झाली. फ्लोरा फाउंटनचं 1864 सालचं कारंजं, त्याच्या पोर्टलँड दगडावर चढलेले रंगाचे थर, ते उतरवून जानेवारी 2019 मध्ये पुन्हा सुरू झालेलं पाणी. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा का चालत नाही, हे कारागिरांनी हात लावून दाखवलं: चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं आणि मग दगडाचे पापुद्रे सुटतात. इमारतींबद्दल सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यामधून चालणाऱ्या माणसांबद्दल सांगणारं कुणी मिळेना.

तेव्हा तुम्ही वडिलांचा पत्र्याचा डबा पुढ्यात ठेवलात. आठ एमएमची रिळं, एकेक जेमतेम चार मिनिटांचं, वर शिसपेन्सिलीनं बारीक अक्षर. एका रिळाला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. फिल्म सडू लागल्याची ती खूण, त्यामुळे आमच्या पोटात गोळाच आला. बाकीची मात्र ठणठणीत! गिरगावातल्या दमट हवेत हे आपोआप होत नाही. दर पावसाळा सरला की तुम्ही ती उलगडून, पुसून, वारा देऊन ठेवत आलात.

वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चित्रं दाखवली गेली, म्हणजे आपल्याकडे सिनेमा पहिल्यांदा दिसला तो या फोर्टातच. पुढे सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. ती कुस्ती आज आपल्याला बघता येत नाही, याची हळहळ वाटते. म्हणून तुमच्या डब्याचं मोल आम्हाला फार वाटतं.

आणि नुसता डबा देऊन तुम्ही थांबला नाहीत. पडद्याजवळ खुर्ची ओढून एकेक चौकट ओळखून दिलीत. राजा एडवर्डचा ‘काळा घोडा’ पुतळा जागेवर आहे, म्हणजे तो राणीच्या बागेत हलवण्याआधीचं, 1965 च्या अलीकडचं नाही. बोरीबंदरसमोर ट्राम आहे, म्हणजे 31 मार्च 1964 नंतरचं असूच शकत नाही. एका दृश्यात सकाळ की संध्याकाळ यावर आमचा वाद चालला होता. तुम्ही पडद्यावर बोट ठेवून म्हणालात, “अरे, सगळे स्टेशनाकडे तोंड करून चाललेत. ऑफिसं सुटलीत.” 2018 मध्ये कारंज्याजवळ खोदताना ट्रामचे रूळ सापडले, ते आम्ही चित्रित केले होते. त्याला जोडून तुमची ट्राम आली आणि त्या लोखंडाला अर्थ आला. मूक रिळांवर आता तुमचाच आवाज आहे. निवेदक घ्यायचा बेत आम्ही रद्द केला.

मूळ रिळं नव्या डब्यांत घालून परत आणतो आहोत, सोबत पेन ड्राइव्हवर डिजिटल प्रत. वासाचं रीळ बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. त्यातलं एक इराण्याचं हॉटेल अजून ओळखू आलेलं नाही. पाटी अर्धीच दिसते. आलो की दाखवतो, काकूंनाही बोलावून ठेवा.

तुमची,
माहितीपटाची मंडळी