घुशींच्या बंदोबस्ताबाबत शेवटचं विनंतीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली गृहनिर्माण सोसायटी, जळगाव

विषय : बंगला क्र. ९ मधील दाणे-खरकट्यामुळे वाढलेल्या घुशी व माझ्या लॉनचे नुकसान

आदरणीय अण्णासाहेब, सप्रेम नमस्कार.

तोंडी सांगून झालं, ग्रुपवर फोटो टाकून झाले, रीतसर अर्जही दिला. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. म्हणून हे पत्र सगळ्या सभासदांना वाचता येईल असं लिहितो आहे. आपल्याविषयी मनात काही किंतु नाही, आपले घरोब्याचे संबंध आहेत आणि ते राहतील.

माझं लॉन आपण पाहिलेलं आहे. आपल्या काळ्या जमिनीत लॉन सहजी धरत नाही; पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. वरची माती काढून पोयटा आणि शेणखत भरलं, मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना सकाळ-संध्याकाळ पाणी देऊन ते जगवलं. आज तिथे जागोजागी भुसभुशीत मातीचे ढीग आहेत. वरून हिरवं दिसतं, पण पाय ठेवला की जमीन खचते. मुळांखालची माती निघून गेल्यामुळे पट्टेच्या पट्टे पिवळे पडले आहेत. माझ्या नातीचा पाय अशाच जागी मुरगळला. ते लॉन मी तिच्यासाठीच केलं होतं.

यावर समितीने काय केलं, तर सचिवांनी मोबाइलवर एक व्हिडिओ बघून माळ्याकडून एरंडेल तेल शिंपडून घेतलं. तो व्हिडिओ परदेशातल्या मोल नावाच्या प्राण्याचा आहे. तो गांडुळं आणि किडे खातो, त्याचं अन्न जमिनीतच असतं, म्हणून तिकडचे लोक त्याला तेलाच्या वासाने हुसकावतात. तो प्राणी आपल्या भागात नाहीच. आपल्याकडची घूस उंदराच्या कुळातली. ती धान्य, खरकटं, भाजीचे देठ खाते आणि बिळात दाण्यांचा साठा करते. जिथे खायला मिळतं त्याच्या आसपास ती राहते. तेव्हा खायला कुठे मिळतं हे आधी बघायला हवं होतं, आणि ते सोसायटीत कोणाला माहीत नाही असं नाही.

क्र. ९ चे नाना रोज संध्याकाळी मागच्या पत्र्यावर ज्वारी, तांदूळ, शिळ्या भाकरीचा चुरा टाकतात. पक्ष्यांसाठी, असं म्हणतात. पुण्यकर्माला माझा विरोध नाही. पण अंधार पडल्यावर पक्षी दाणे टिपायला येत नाहीत आणि घूस रात्रीच बाहेर पडते. दाणे सकाळी टाका, उरलेले झाडून घ्या, एवढंच मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं. ‘तुमच्या गवतापायी चिमण्यांना उपाशी ठेवू का?’ हे मला मिळालेलं उत्तर.

दुसरं म्हणजे कपाशीच्या काड्यांचा ढीग. हिवाळ्यात भरीत भाजायला आणलेल्या काड्या वर्षभर माझ्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून असतात, आणि मोठं बीळ नेमकं त्या ढिगाखालून निघतं. भरिताला माझी हरकत नाही, मीही त्यांच्याकडे जेवून आलो आहे, समितीही होती. पण वांग्यांची सालं आणि केळीची पानं दुसऱ्या दिवशी उचलायला नकोत का? याच घरची मोटर कॉमन पाइपला लावलेली असायची, यांचीच गाडी माझ्या गेटसमोर असते, लग्नात हळदीचा डीजे रात्री किती वाजेपर्यंत चालला हेही सगळ्यांना आठवतं. मी तेव्हा एक शब्द बोललो नाही.

सचिव म्हणतात, अंगणातली बाग ज्याची त्याने सांभाळावी. बाग मी सांभाळतोच आहे. पण दुसऱ्या सभासदाला उपद्रव होईल असं काही कोणी करू नये हेही उपविधींतच आहे. सभासदाच्या तक्रारीवर समितीने पुढच्या सभेत निर्णय घेऊन तो १५ दिवसांत कळवावा, हेही आहे. ते पान कोणी उघडत नाही.

हा माझ्या एकट्याचा प्रश्न नाही. मागच्या ओळीतले पेव्हर ब्लॉक खचू लागले आहेत, एका गाडीची वायरिंग कुरतडली गेली आहे. क्र. ७ च्या वहिनी स्वतः म्हणाल्या, ‘भाऊ, तुम्हीच लिहा.’ सगळ्यांचं मत हेच आहे, सही करायला तेवढा संकोच वाटतो.

आणखी एक गंभीर गोष्ट. ‘धान्यात ठेवतात ती गोळी बिळात टाका’ असा सल्ला समितीतल्याच एकाने दिला. ती अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन हा जीवघेणा वायू सुटतो. घराच्या भिंतीलगत, लहान मुलं खेळतात तिथे, असलं काही कोणीही परस्पर करू नये. घुशीच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो, तेव्हा नुसतं बसून राहणंही परवडणारं नाही.

माझं मागणं साधं आहे. क्र. ९ ने आठ दिवसांत काड्या उचलाव्यात आणि संध्याकाळचे दाणे बंद करावेत, तशी लेखी सूचना समितीने द्यावी. मग एका संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळं, तिथेच पिंजरे लावावेत. त्याने भागलं नाही तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं. खर्च क्र. ९ च्या मेन्टेनन्स बिलात लावावा, लॉन पुन्हा बसवण्याचाही.

विषय येत्या सभेत पहिल्या क्रमांकावर घ्यावा. आयत्या वेळच्या विषयांत नको, तिथे पोचेपर्यंत अर्धी समिती उठलेली असते. या वेळीही उत्तर आलं नाही, तर हेच पत्र उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात दाखल करीन.

आपला नम्र,
सभासद, बंगला क्र. ८

ता. क. : सभेआधी नानांना घेऊन एकदा माझ्या अंगणात या. ढीग तसेच ठेवले आहेत.