औषध देण्याची चाचणी : येत्या शनिवारी, मिरज

सर्व नवीन सिस्टर आणि ब्रदर,

यंदा रुजू झालेल्यांची औषध देण्याची चाचणी येत्या शनिवारी सकाळी १० वाजता, आपल्या रुग्णालयाच्या प्रशिक्षण खोलीत आहे. नाइट करून येणाऱ्यांनी झोप काढून दुपारी ३ च्या तुकडीत बसावे. सांगलीहून येणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवून निघा.

ज्यांना डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलिया किंवा वाचन-आकडेमोडीची तशीच अडचण आहे, त्यांनी बुधवारपर्यंत मला खासगीत कळवा, ग्रुपवर नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे येते, त्यामुळे संकोच कसला?

- मिळेल : जादा वेळ, शांत खोली, मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका, कॅल्क्युलेटर.
- मिळणार नाही : उत्तरात सूट. मात्रा चुकली तर फेरचाचणी, सगळ्यांनाच.

सराव इन्सुलिनचा जास्त करा. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची बाटलीही असते आणि १०० ची औषधेही. ज्याची सिरिंज त्यालाच. ४० चे औषध १०० च्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाला निम्म्याहून कमी डोस जातो. ड्रिपचे गणित : ५०० मिली, ४ तास, मिलीला १५ थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण ३१ थेंब. डोपामिन आणि डोब्युटामिन या औषधांची नावे सारखी वाटतात, म्हणून त्यांचे लेबल बोट ठेवून, मोठ्याने वाचा. कुणी हसले तर हसू दे.

ओळखपत्र आणि सेकंदकाट्याचे घड्याळ आणा. मोबाईल बाहेर ठेवावा लागेल.

– प्रशिक्षण सिस्टर