ओहोटीच्या वेळी जा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

चिमी फोनवर म्हणाली, "आजी, त्या उद्यानात नुसतं पाणी होतं आणि घाण वास." तूही म्हणालास की एवढं फिरून लांबच्या दोन-चार बगळ्यांपलीकडे काही दिसलं नाही. फोनवर सगळं सांगता येईना, म्हणून लिहिते आहे. येत्या रविवारी तिला पुन्हा घेऊन जाच.

तुम्ही गेलात तेव्हा भरती असणार. खाडीकाठच्या पाणथळीत जायची वेळ आपल्या सुट्टीवर ठरत नाही, पाण्यावर ठरते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे मागच्या रविवारी ज्या वेळी पाणी काठोकाठ होतं, त्याच वेळी या रविवारी जवळजवळ ओहोटी असेल. तरी निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघ आणि पाणी उतरू लागलं की पोहोच.

कारण तिथे बघायचं ते सगळं चिखलात आहे. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो आणि पक्षी जेवायला उतरतात. चिमीला त्यांच्या चोची बघायला सांग. आखूड चोचीचे चिमुकले पक्षी वरच्या वर टिपत पळत असतात, मध्यम चोचीचे बोटभर खोल जातात आणि लांब वाकड्या चोचीचा पक्षी थेट किड्याच्या बिळात शिरतो. म्हणून एकाच चिखलात इतक्या जातींचं पोट भरतं. आणखी एक गंमत. यांतल्या काहींना चोच मिटलेली ठेवून फक्त तिचं टोक उघडता येतं. शिवाय ते टोक इतकं संवेदनशील असतं की न दिसणारा किडाही त्यांना चिखलात लागतो.

आणि बाळा, हे पक्षी उडवू नका. लहान मुलांना थव्याकडे पळत जायचा मोह होतो, आणि आईबापही कौतुकाने व्हिडिओ काढत उभे राहतात. मला ते मुळीच पटत नाही. चिखल उघडा असतो मोजके तास, आणि तेवढ्यात त्यांना लांबच्या प्रवासाची चरबी साठवायची असते. २०२२ मध्ये गॉडविट नावाच्या, अशाच चिखलात चरणाऱ्या लांब चोचीच्या पक्ष्याचं जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर उडालं, ११ दिवस, मध्ये कुठेही न उतरता. समुद्रावरून जाताना त्याला ना खायला मिळतं ना टेकायला. जे काही असतं ते निघण्याआधी चिखलातून वेचलेलं. आपण उगीच उडवलेला प्रत्येक थवा त्या शिदोरीतलं थोडं खर्चून बसतो. पाव, बिस्किटंही टाकू नका. त्याने पोट भरतं पण अंगी लागत नाही, आणि उरलेलं पाण्यात कुजतं.

चिमीला जो वास आला तो गटाराचाच असेल असं नाही. खालच्या चिखलात प्राणवायू पोहोचत नाही. तिथले जिवाणू कुजक्या पानांवर जगतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सोडतात. तिवरांची मुळं म्हणूनच खिळ्यांसारखी चिखलाबाहेर डोकं काढून उभी असतात, हवा घ्यायला. ती तिला नक्की दाखव.

लाकडी पुलावरून खाली उतरू नका. पायाखाली बिळं दबतात. त्यापेक्षा पुलाच्या कडेला एका जागी बसा आणि थोडा वेळ हलू नका. आपली चाहूल लागताच खेकडे बिळात जातात, मग हळूहळू एकेक वर येतो. त्यांतल्या एका जातीत नराची एक नांगी अंगाच्या मानाने भलतीच मोठी असते. ती तो वर-खाली हलवत माद्यांना बोलावतो, पण खाणं मात्र दुसऱ्या इवल्याशा नांगीनेच. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, त्यामुळे ती दोन्ही हातांनी जेवते. चिखल तोंडात घेऊन त्यातलं खाण्याजोगं तेवढं ठेवायचं आणि उरलेल्याच्या गोळ्या करून बाजूला टाकायच्या. बिळाभोवती त्या गोळ्या पडलेल्या असतात.

शहरात एवढी जागा मोकळी राहणं सोपं नसतं. लंडनमध्ये बार्न्स भागात पाणीपुरवठ्याचे जुने तलाव वापरातून गेले, त्या जागी पाणथळ तयार करून २००० साली ती लोकांसाठी खुली केली. भर शहरात आज तिथे पक्षी येतात. तुमच्याकडे तर ती मुळातच आहे, तेव्हा तिथे वरचेवर जात जा.

दुर्बीण आधी चिमीच्या गळ्यात घाल, तुला नंतर. आणि खेकड्यांचं तिला आधी सांगू नकोस, तिचं तिलाच दिसू दे.

तुझी,
आई