पोरांनी २७ तास खेळायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आफ्रिकेतल्या चक्रीच्या पंपावर अर्धं पान खर्ची घातलेलं पाहिलं. मुलं चक्रीवर खेळतात, त्यावर पंप चालतो, वरच्या टाकीत पाणी चढतं, टाकीच्या अंगावर जाहिराती. लेखिकाबाईंना हे सगळं कालपरवा सुरू झाल्यासारखं वाटलेलं दिसतं. अहो, याच चक्रीसाठी २००६ साली न्यूयॉर्कला क्लिंटन यांच्या परिषदेत १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले होते. २०१० पर्यंत ४,००० चक्र्या बसणार होत्या. मोझांबिकमध्ये बसवलेल्यांपैकी कित्येक बंद पडल्या. ज्या चालल्या त्या पोरं नसताना बायकांनीच ढकलायच्या. ब्रिटनच्या 'गार्डियन' दैनिकाने २००९ मध्येच हिशेब मांडला होता, की दाव्याइतकं पाणी काढायचं तर पोरांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. तुमच्या पुरवणीचा दिवस बहुधा तेवढाच मोठा असावा.

साध्या हापशाचा उल्लेख लेखात एकदाच, तोही 'जुनाट' म्हणून. सोलापूरकराला हे झोंबणारच. युगांडापासून मालीपर्यंत जो 'इंडिया मार्क टू' हापसा दिसतो, त्याचं मूळ आमच्या सोलापूर पंपात आहे. ओतीव लोखंडाचे घरगुती पंप अख्ख्या गावाच्या वापराला टिकत नव्हते, म्हणून सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने सोलापूरचा नमुना पुढे नेला. एवढं एक वाक्य टाकायला जागा नव्हती?

अर्थात हापसा बसवला म्हणजे काम झालं असंही नाही. बोअर मारणाऱ्या एका कंपनीचा सुपरवायझर म्हणून मी युगांडात होतो. एका गावात नवाकोरा हापसा, दात्याच्या नावाची पाटी चकचकीत, आणि बायका त्याला वळसा घालून डबक्याकडे निघालेल्या. का म्हणून विचारलं तर एकीने पिवळा कॅन माझ्यापुढे धरला. पाणी विटकरी! त्यात शिजवलेलं काळपट पडतं, पांढरा कपडा धुतला की डाग जात नाही. तिथलं भूजल आम्लधर्मी आणि आत सोडलेले पाइप स्वस्तातले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी. वरचं जस्त गेलं की लोखंड गंजतं, पुढे पाइपाची चाळण होते, मग दांडा हापसून खांदे भरून आले तरी घागरभर पाणी चढत नाही. स्टेनलेस स्टीलचे नाहीतर प्लास्टिकचे पाइप घाला, असं ऑफिसात सांगितलं, तर साहेब म्हणाले, "हस्तांतराच्या कागदावर सह्या झाल्यात, आता कशाला उकरून काढता?" युगांडा सरकारने जीआय पाइप घालायला मनाई केली ती २०१६ साली. तोवर गावोगावी लोकांनी वर्गणी काढून गंजके पाइप काढले असतील आणि बाजारात मिळाले म्हणून पुन्हा तेच घातले असतील. पाटीवर मात्र दात्याचंच नाव.

लिहायचंच असेल तर केनियात कितुई आणि क्वाले भागात 'फंडीफिक्स' नावाची हापसे दुरुस्त करणारी सेवा चालते, तिच्यावर लिहा. गावं ठरलेली रक्कम भरतात आणि हापसा बंद पडला की साधारण तीन दिवसांत दुरुस्त होतो. सगळा खर्च वर्गणीतून भागत नाही, बाकीचा निधीतून उभा करावा लागतो, हेही छापा. फोटोला चक्री मिळणार नाही, ही अडचण मान्य.

आणि फोटोवरून आठवलं. खाली ओळ काय, तर 'आफ्रिकेतील एका गावातील दृश्य'. बार्शीतला फोटो 'आशियातील एका गावातील दृश्य' म्हणून छापाल का? शिवाय ती ओळ राखाडी पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत होती. भिंग घेऊन वाचली. निदान मजकूर तरी काळ्या शाईत छापावा, ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सोलापूर