मधूस पत्र: गार शर्ट, विजेचा दोरा आणि धुण्याचा दगड

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र आणि सोबतचे, कापडाच्या एजंटनं दिलेले दोन्ही नमुने मिळाले. एकावर ‘घालताच गारवा’ छापलंय, दुसऱ्यात चंदेरी धागा विणलाय. चौदा मशिनांच्या तुझ्या शिलाईखात्यात हे नवं काम घ्यावं का, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत माणसं अंगावर घालणार तरी काय, असं तू विचारलंस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो छातीठोकपणे देईल त्याच्याशी उधारीचा व्यवहार करू नकोस. पहिल्याचं देता येतं, पण त्याला हिशेब मांडावा लागेल.

आधी गारव्याचं बघू. त्या कापडाला आतून डोळ्यांना न दिसणाऱ्या मेणाच्या कुप्या चिकटवलेल्या असतात. मेण बहुधा ऑक्टाडेकेन, २८ अंशांना वितळणारं. वितळताना ते ग्रॅममागे साधारण २०० ज्यूल उष्णता शोषतं. कल्पना खोटी नाही. १९८०च्या दशकात नासाच्या पैशातून अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी यावर काम झालं होतं. पण आता वजन घाल. शर्ट २०० ग्रॅमचा, त्यात २० टक्के मेण, म्हणजे ४० ग्रॅम. त्याला २०० ने गुण, ८,००० ज्यूल. आणि नुसता बसलेला माणूस सेकंदाला १०० ज्यूल उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे गारवा ऐंशी सेकंदांचा! पुढे तो साधा शर्ट, उलट कुप्यांच्या थरामुळे हवा जरा कमीच खेळणारा.

मग एजंटच्या हापिसात तू हात लावल्यावर गार का वाटलं? तिथं एसी होता म्हणून. २४ अंशांत मेण गोठलेलं असतं, तुझ्या तळव्याच्या उबेनं ते वितळलं आणि हाताला गारवा लागला. तोच तागा मे महिन्यात तुझ्या पत्र्याच्या गोदामात ठेव. तिथं मेण गठ्ठ्यातच वितळलेलं असेल, शोषायला काही उरणारच नाही. याच मेणाच्या एक किलोच्या पिशव्या जाकिटात घातल्या तर बसलेल्या माणसाला अर्धा तास मिळतो, आणि मग जाकीट परत थंड करायला बर्फाची पेटी लागते. भट्टीपाशी थोडा वेळ जाऊन येणाऱ्याला ते परवडेल. शेतात राबणाऱ्याला नाही.

आता घामाचा हिशेब कर. एक ग्रॅम घाम वाळताना २,४०० ज्यूल घेऊन जातो, मेणाच्या बारापट, आणि तो फुकट येतो. म्हणून गार कपड्याचं खरं काम एकच, घाम वाळवणं. जपानात २००४ पासून पंख्याची जाकिटं विकली जातात, सोनीतून बाहेर पडलेल्या हिरोशी इचिगाया यांनी काढलेली. कमरेच्या वर, पाठीला दोन्ही बाजूंनी एकेक छोटा पंखा. तो बाहेरची हवा आत ओढतो, ती पाठीवरून-छातीवरून फिरून गळ्यातून आणि बाह्यांतून निघते. बॅटरी आतल्या खिशात. तिकडे बांधकामावरच्या कामगारांच्या अंगावर हे आता सर्रास दिसतं. उद्याचा कपडा बघायचाच असेल तर मी तुला चकचकीत प्रदर्शनापेक्षा हे दाखवीन.

आपल्याकडे हे कुठं चालेल? नागपुरात मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के दमटपणा धर. हवेतल्या वाफेचा दाब साधारण १.४ किलोपास्कल होतो. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के धर, तो ३.५ भरतो. ओल्या कातडीवर तो ५.६ असतो. घाम वाळण्याचा जोर म्हणजे या दोहोंतला फरक: नागपुरात ४.२, मुंबईत २.१. म्हणजे हवा अंगापेक्षा गरम असूनही विदर्भात पंखा जास्त काम करतो, कोकणपट्टीत निम्मं. मात्र एक अट आहे, अंग ओलं पाहिजे. माणसानं पाणी पिणं थांबवलं आणि घाम कमी पडला, की तोच पंखा ४४ अंशांची हवा कोरड्या कातडीवर मारतो आणि माणूस भाजून निघतो. म्हणून आत ओली बनियन किंवा खांद्यावर भिजवलेला पंचा, आणि तासातासाला पाणी. हे लेबलावर मराठीत ठळक छापून घे.

शिवायला ते अवघड नाही, पण चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. कापड दाट विणीचं हवं; सैल विणीचं घेतलंस तर हवा वाटेतच पाझरते आणि गळ्यापर्यंत पोचत नाही. तोंडानं फुंकून बघ, पलीकडे हाताला वारा लागला तर ते कापड बाद. माप नेहमीपेक्षा एक-दोन साइज सैल, कमरेला मात्र घट्ट इलॅस्टिक, नाहीतर सगळी हवा खालूनच निसटेल. पंख्याचं भोक त्याच्या कड्याच्या मापानं कापायचं, पण आधी तिथं आतून दुसऱ्या कापडाचा गोल तुकडा लावून दुहेरी शिलाई मार. एकेरी कापडात कडं पिळून बसवलं की महिन्याभरात कड उसवते आणि पंखा लोंबायला लागतो. वायर बाजूच्या शिवणीत पट्टी लावून त्या बोगद्यातून ने. आणि वेल्डिंगवाल्याला हे जाकीट विकू नकोस. पंखा ठिणगीसुद्धा आत ओढतो.

आणखी एक कापड पुढेमागे तुझ्या कानावर येईल. २०१६ साली स्टॅनफर्डमध्ये यी च्वी यांच्या गटानं पॉलिथिनचं, हो, पिशवीच्याच जातीचं, बारीक छिद्रांचं कापड दाखवलं. अंगाची उष्णता इन्फ्रारेड किरणांतून बाहेर पडते. सुती कापड ते किरण अडवतं, पॉलिथिन जाऊ देतं. छिद्रं अशा मापाची, की उजेड विखुरतो आणि अंग दिसत नाही. सुतापेक्षा कातडी साधारण दोन अंशांनी गार राहिली. मला ही करामत मनापासून आवडते, कारण तिला बॅटरी लागत नाही. पण ती चालते भोवतालच्या भिंती अंगापेक्षा गार असतील तरच. तापलेल्या पत्र्याखाली तेच किरण उलटे आत येतील. हे कापड एसी हापिसातल्यांसाठी. एसी दोन अंश वर ठेवता आला तर वीज वाचेल, एवढंच.

आता तुझा चंदेरी धागा. नायलॉनवर चांदीचा मुलामा असतो, दुसरा प्रकार स्टीलच्या तंतूंचा. दोन्हींतून वीज जाते, पण तांब्याच्या तारेसारखी नाही. तीनपदरी स्टीलच्या दोऱ्याला मीटरमागे ३० ओहमच्या आसपास अडथळा असतो. पाठीवर एक छोटा दिवा लावायचा, बॅटरी खिशात, दोरा जायला एक मीटर आणि यायला एक. म्हणजे ६० ओहम. २० मिलिअँपियर वाहिले तर १.२ व्होल्ट दोऱ्यातच गळतात. तीन व्होल्टच्या बटण-सेलवर पांढरा दिवा मग लागतच नाही, आणि लोक दिव्याला नावं ठेवतात. उपाय सोपा: बॅटरी जवळ आण, नाहीतर शेजारी-शेजारी दोन-तीन ओळी मार.

हा दोरा वरच्या रिळावर चढवू नकोस. सुईच्या नाकात आणि ताणाच्या चकत्यांत तो घासतो, मुलामा सोलतो, पदर पिंजतो. बॉबिनमध्ये भर, वर साधा पॉलिएस्टर दोरा, सुई १६ नंबरची, टाका तीन मिलिमीटर, ताण जरा सैल. दोरा संपला की टोकाचे केस अर्धा सेंटिमीटरही लोंबू देऊ नकोस. शेजारच्या ओळीला टेकले की शॉर्ट. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब टाक. दोन ओळी एकमेकींवरून जाणार असतील तर मध्ये पायपिनचा, म्हणजे कापडाच्या पट्टीचा, तुकडा शिव. जोडाला कथलाचा डाग द्यायला (सोल्डर करायला) जाऊ नकोस: नायलॉन वितळतं आणि स्टीलला साधं कथील धरत नाही. तिथं आपलं जुनं टिचबटणच कामाला येतं. दोरा बटणाच्या भोकांतून पाच-सहा वेळा घट्ट ओढून घ्यायचा, आणि दिवा किंवा बॅटरीची डबी वरून टच्‌कन बसवायची.

बिघाड नेहमी मऊ दोरा आणि कडक भाग भेटतात त्याच जागी होतो. कापड वाकतं, डबी वाकत नाही. दर पावलाला त्या कडेशी दोरा थोडा-थोडा तुटतो. वर घामातलं मीठ आणि गंधक चांदी काळी करतं, ब्लीच तर मुलामा पार खाऊन टाकतं.

गूगल आणि लिव्हाइसनं २०१७ मध्ये ३५० डॉलरचं जाकीट काढलं होतं. डाव्या बाहीच्या कफात असे धागे विणलेले, बोट फिरवलं की फोनवरचं गाणं बदलायचं. विणकाम उत्तम होतं. पण ते दहा धुण्यांपुरतं टिकेल असं सांगितलेलं, आणि २०२३ मध्ये त्याचं अ‍ॅपच बंद झालं. डेनिम जाकीट चांगलं वीस वर्षं टिकतं रे. त्याचा मेंदू सहा वर्षांत गेला.

धुण्याची परीक्षा प्रयोगशाळेत आयएसओ ६३३० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मशिनमध्ये घेतात. त्यात आपला धुण्याचा दगड नाही, धोपटणं नाही, दोघींनी दोन टोकं धरून चादर पिळतात तसं पिळणंही नाही. तेव्हा एजंटच्या प्रमाणपत्रावर जाऊ नकोस. विजेचा अडथळा मोजायचा मीटर घे, नमुन्याच्या दोन टोकांमधला अडथळा लिहून ठेव. मग कपडा घरच्या पावडरीत तासभर भिजव, दगडावर धू, पीळ, उन्हात दांडीवर टाक. असं दहा वेळा, दर वेळी आकडा मांड. दुपटीच्या आत राहिला तर पुढे बोलू. मध्येच मीटरनं ‘अनंत’ दाखवलं, म्हणजे दोरा तुटला, तर तुटलेली जागा बघ. बहुतेक ती टिचबटणाच्या कडेलाच असेल.

म्हणून माझं म्हणणं असं: धुण्याआधी जे काढून ठेवता येतं तेवढंच काम घे. पंखा, बॅटरी, डबी काढली की राहिला कपडा साधा कपडा पाहिजे. ते दुसऱ्या टोकालाही सोयीचं. कपडा जुना झाल्यावर कुठं जाणार? आज बोहारीण दारात बसून शर्टाची शिवण ताणून बघते आणि दोन साड्यांवर पातेलं देते. चांदीचा दोरा आणि बॅटरी शिवलेलं जाकीट ती हातात तरी धरेल का? ते चिंधीच्या गिरणीत घातलं तर पिंजणयंत्राचे दात जातील, आणि बॅटरी चेपली तर आग लागेल.

गारव्याच्या शर्टाला सरळ नाही म्हण. चंदेरी कापडाचे दोन मीटर ठेवून घे, परीक्षा झाल्यावर ठरव. पंख्याच्या जाकिटाचे सहा नग मात्र करून बघ, तीन साइजचे दोन-दोन, आणि वीटभट्टीवर वापरायला दे. कमरेचं इलॅस्टिक किती ढिलं होतं आणि पंख्याच्या जाळीत किती धूळ बसते, हे पंधरा दिवसांनी मला कळव. जाळीचं माप त्यावरूनच ठरवू.

वहिनींना नमस्कार सांग, काकांच्या गुडघ्याचं कळव.

तुझा,
सदा