बॅनर कुणाचा लावायचा?

प्रिय मन्या,

आपल्या लिनक्स मेळाव्याची तुझी यादी मिळाली. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) बसवून देणारं टेबल, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाचा कोपरा, जुन्या थिंकपॅड लॅपटॉपचं प्रदर्शन, सगळं ठेवू या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून लोक धडधाकट लॅपटॉप घेऊन विचारायला येतात. म्हणून पहिलं टेबल दाराजवळ आणि ऐसपैस हवं. कोथरूडचा हॉल ठरला, वडापावचंही जमेल. घोडं अडलंय ते प्रायोजकापाशी.

जेवणाचा खर्च उचलणाऱ्या कंपनीबद्दल फोनवर तू म्हणालास, ‘पैसे घेऊ, बॅनर लावू, त्यात काय एवढं?’ निक्सकॉनवाल्यांनाही असंच वाटलं असेल. निक्स म्हणजे सॉफ्टवेअर बसवायचं एक मुक्त साधन, आणि निक्सकॉन हे ते वापरणाऱ्यांचं संमेलन. २०२३ ला जर्मनीत डार्मस्टाटला त्यांनी अँडुरिलला प्रायोजक केलं. ही लष्करासाठी ड्रोन आणि शस्त्रं बनवणारी कंपनी. ओरड झाली, नाव काढावं लागलं. तरी २०२४ च्या अमेरिकेतल्या निक्सकॉनला पुन्हा तीच! एप्रिलपर्यंत प्रकरण जाहीर पत्रापर्यंत गेलं आणि निक्सचा जनक एल्को डोल्स्त्रा फाउंडेशनच्या मंडळातून बाहेर पडला. कारणं आणखीही होती, पण बॅनरने आग भडकली हे नक्की.

वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या मोफत सॉफ्टवेअरची गंमत तर उलटी. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्टलंडच्या वर्डकॅम्पमध्ये, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांच्या संमेलनात, वर्डप्रेसचा सहसंस्थापक मॅट मलनवेगने भर मंचावरून डब्ल्यूपी इंजिन या वर्डप्रेसच्या साइट चालवून देणाऱ्या कंपनीची सालं काढली, आणि ती कंपनी त्याच संमेलनाची प्रायोजक! पुढे कोर्टकचेरी झाली. ऑक्टोबरमध्ये वर्डप्रेस डॉट ऑर्गवर लॉगिन करताना ‘माझा डब्ल्यूपी इंजिनशी संबंध नाही’ अशी खूण करायची सक्ती आली. डिसेंबरमध्ये कोर्टाने ती काढायला लावली. यजमानानेच पाहुण्याला असं झोडपलं, तर वर्डप्रेसला जोडायची प्लगइन लिहिणाऱ्या पोरांनी बसायचं कुठे?

आपला मेळावा शे-दीडशे जणांचा, तिथे असलं काही होणार नाही असं तू म्हणशील. अरे, छोट्या मेळाव्यातच सगळे एकमेकांना ओळखतात, रुसवेही जास्त टिकतात. म्हणून माझं म्हणणं असं: प्रायोजकाचं नाव नोंदणी सुरू होण्याआधी जाहीर करायचं, म्हणजे ज्याला यायचं नाही तो पैसे भरण्याआधीच ठरवेल. आभाराच्या फलकावर नाव, मंचावर भाषण नाही. कंपनीला हे पटलं नाही तर माणशी दोनशे रुपये काढू आणि श्रीखंड-पुरीऐवजी मिसळ खाऊ. मला तर तेच बरं वाटतं.

आणि हे वाद दाराबाहेर ठेवू नकोस. लोक चहाच्या टेबलावर बोलणारच. त्यापेक्षा जेवणानंतर तासभर लायसन्स, प्रायोजक, एआयला खाऊ घातलेला आपला कोड, यावर उघड चर्चा होऊ दे. सूत्रसंचालन मात्र वहिनींकडे. तू भिडस्त, मी तापट, आणि त्या कुणाचंही पाच मिनिटांच्या वर ऐकून घेत नाहीत.

शनिवारच्या आत कळव, हॉलची उरलेली रक्कम भरायची आहे. आणि तुझ्याकडची ती लांब एक्स्टेंशन वायर आणायला विसरू नकोस.

तुझा,
बापू