कधीही न भेटलेल्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही आणि फोन नंबर टीममध्ये कुणाकडेच उरलेला नाही, म्हणून हे पत्र असं जाहीर. तुम्ही निवृत्त झालात आणि त्यानंतर मी रुजू झाले. महापेच्या आमच्या डेटा सेंटरमध्ये तुम्हाला अजूनही नुसतं 'सर' म्हणतात. नव्या माणसाला प्रश्न पडतो, कोण हे सर, ज्यांच्या वहीशिवाय इथे पान हलत नाही?

मध्यंतरी नेटवर्कवाल्यांनी रात्रीच्या विंडोत, म्हणजे बदलांसाठी ठरवलेल्या वेळेत, सगळं नेटवर्क जोडणारा कोअर स्विच बदलला. काम झाल्याचा मेल आला, आणि पाठोपाठ सगळ्या युनिक्स मशीनचं एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन करायची सोय, गेलं. सनचे टी-५२२० गेले, आयबीएमचे पॉवर सर्व्हर गेले. मॉनिटरिंगचा स्क्रीन लालभडक, कॉलवर मॅनेजर, आणि नेटवर्कचा मुलगा शांतपणे सांगतोय, "आमच्याकडून लिंक अप आहे, तुमचे सर्व्हर बघा." हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल, सर!

पण सर्व्हर बघायला वाट होती, आणि ती तुम्ही करून ठेवली होती. प्रत्येक टी-५२२०च्या मागच्या नेट एमजीटी, म्हणजे फक्त देखभालीच्या, पोर्टला वेगळी केबल, वेगळा छोटा स्विच, वेगळं सबनेट (पत्त्यांचा वेगळा गट). प्रॉडक्शनच्या, म्हणजे रोजच्या कामाच्या, स्विचशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्या पोर्टमागचा आयलॉम, म्हणजे सर्व्हरच्या आतला छोटा देखभाल-संगणक, स्टँडबाय पॉवरवर चालतो, सर्व्हरची सोलारिस ऑपरेटिंग सिस्टीम उठलेली असो की झोपलेली. अनेक ठिकाणी हा पोर्ट रिकामाच सोडतात, नाहीतर पैसे वाचवायला प्रॉडक्शनच्याच स्विचमध्ये जोडतात. मग स्विच पडला की पुढचं दार आणि मागचं दार एकदमच बंद. मला विचाराल तर याला काटकसर म्हणू नये, हा निव्वळ आळस आहे.

ड्युटी रूममधल्या टर्मिनलवरून आयलॉममध्ये शिरले, कन्सोल, म्हणजे सर्व्हरचा थेट स्क्रीन, सुरू केला. लॉगिन प्रॉम्प्टच्या वर एमपॅथडीचे, म्हणजे नेटवर्क कार्डांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचे, मेसेज ओळीने पडलेले: गटातले सगळे इंटरफेस फेल. आणि डीएलएडीएम या कमांडने लिंकची स्थिती विचारली तर दोन्ही कार्डांची लिंक चक्क अप! म्हणजे तो मुलगा खोटं बोलत नव्हता. फक्त लिंक अप असणं आणि पॅकेट पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही ते आधीच धरून चालला होतात. आयपीएमपी, म्हणजे एक कार्ड पडलं तर काम दुसऱ्यावर वळवणारी सोय, नुसत्या लिंकच्या भरवशावर न सोडता तुम्ही प्रत्येक कार्डाला टेस्ट आयपी, म्हणजे तपासणीपुरता वेगळा पत्ता, दिला होता. त्यामुळे एमपॅथडी गेटवेला, म्हणजे नेटवर्कबाहेर जायच्या दाराला, सतत प्रोब (चाचणीची पॅकेट) पाठवत होता आणि १० सेकंदांच्या हिशेबाने त्याने दोन्ही कार्डं बाद ठरवली होती. स्नूप हे पॅकेट बघायचं साधन लावलं. 'हा पत्ता कुणाचा?' असं विचारणारे एआरपी बाहेर जात होते, उत्तर एकाचंही नाही. ते आउटपुट कॉलवर टाकलं तेव्हा कुठे पलीकडचा सूर बदलला. नव्या स्विचच्या ट्रंकवर, म्हणजे अनेक नेटवर्क एकत्र वाहून नेणाऱ्या जोडणीवर, आमचा व्हीलॅन (आमच्या मशीनचं आभासी नेटवर्क) अलाउडच केलेला नव्हता. एका ओळीचा बदल, आणि सगळं परत वर.

पॉवर सर्व्हरचंही तसंच. एचएमसी (हे सर्व्हर सांभाळणारं वेगळं मशीन) आणि सर्व्हरमधले सर्व्हिस प्रोसेसर तुम्ही खाजगी नेटवर्कवर ठेवले होते, त्यामुळे एलपारचा, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या आभासी सर्व्हरचा, कन्सोल उघडायला अडचण आली नाही. बाहेर पडताना मात्र तुमच्या वहीने वाचवलं. एचएमसीवर एसएसएचने गेलेल्या माणसाने बाहेर पडायला टिल्ड-डॉट (~.) दाबलं की व्हर्च्युअल टर्मिनल राहतं बाजूला आणि एसएसएचच तुटतं. टिल्ड दोनदा दाबावा लागतो. तुम्ही लाल पेनने लिहिलंय: 'दोन टिल्ड. दोन!! एक नाही.' त्या दोन उद्गारचिन्हांमागे नक्की काहीतरी घडलं असणार.

पासवर्डचंही सांगायलाच हवं. कारखान्यातून आलेलं रूट हे नाव आणि 'चेंजमी' हा पासवर्ड तसाच ठेवून वर्षानुवर्षं चाललेले आयलॉम मी दुसरीकडे पाहिलेत. तुम्ही प्रत्येकाचा बदललात, पाकिटात सील करून शिफ्ट इन्चार्जच्या कपाटात ठेवलात, आणि पाकिटावर तारीखही घातलीत. रात्री पाकीट फोडताना रजिस्टरमध्ये सही करावी लागली, तीही तुम्हीच आखलेल्या रकान्यात.

मनापासून आभार, सर. या घोळानंतर नवे लिनक्स सर्व्हर आले, तेव्हा त्यांच्या मॅनेजमेंट पोर्टसाठी वेगळा स्विच मागितला. एरवी खरेदीत अडकून पडणारी ती फाइल या वेळी लगेच मंजूर झाली. केबलना लेबल तुमच्याच पद्धतीने लावलेत, दोन्ही टोकांना, रॅक आणि पोर्ट लिहून.

आता एक शंका. रॅक ७ मधून फॉल्स फ्लोअरखाली एक राखाडी सिरियल केबल जाते. तिला लेबल नाही आणि वहीतही नोंद नाही. तुमच्या हातून असं राहणं शक्य नाही, म्हणून काढायची हिंमत होत नाही. हे पत्र कुणी दाखवलं, तर तेवढं कळवा. नाहीतर ती तशीच राहील.

आपली,
युनिक्स टीम, नाइट शिफ्ट